अनुभव धागा: दोघं, दोन सॅक आणि परतीचं तिकीट नाही

सॅकवाली

नवरा-बायको (किंवा कुठलेही दोघं) महिना-दोन महिने किंवा त्याहून जास्त सलग भटकलेत, बसने, ट्रेनने, अधूनमधून विमानाने, अशांनी लिहा. काय बघितलं त्याची यादी नकोय, ती गुगलवर ढीगभर आहे. दोघांचं कसं निभलं, कुठे फाटलं, खाणं-पैसे-भांडणं कसं केलं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. दोघांच्याही नोकऱ्या बदलायच्याच होत्या, मग मध्ये पाच महिन्यांची फट काढली. २०२४ च्या नोव्हेंबरात मुंबई-बँकॉक विमान, तिथून रात्रीच्या ट्रेनने चियांग माई, मग बसने सीमेपर्यंत जाऊन लाओसमध्ये. हुए साय ते लुआंग प्रबांग मेकाँग नदीतून लाकडी बोट जाते, दोन दिवस लागतात आणि मधली रात्र पाकबेंग नावाच्या गावात काढायची. फोनला रेंज येते-जाते. त्या दोन दिवसांत आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा इतका वेळ एकमेकांशी बोललो असू, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बोलण्यासारखं काही उरलंच नाही तेव्हा शेजारच्या फ्रेंच आजींना झब्बू शिकवला.

लुआंग प्रबांग ते व्हिएन्टिआन नवीन रेल्वेने साधारण दोन तास, एकदम चकाचक. त्याच्या पुढचा व्हिएन्टिआन ते हनोई बसचा प्रवास मात्र साधारण २४ तासांचा आणि तो मी जन्मात विसरणार नाही. स्लीपर बस, चढताना चपला काढून पिशवीत घालायच्या, तीन रांगांत अर्धवट झोपायच्या खुर्च्या. नवरा सहा फुटी, त्याचे गुडघे रात्रभर छातीशी. पहाटे बस सीमेवर येऊन उभी, ऑफिस उघडेपर्यंत थंडीत बसायचं, मग सॅक पाठीवर टाकून धुक्यातून चालत पलीकडे. तिथे मी रडले. काही झालं नव्हतं, नुसतं लघवीला जायचं होतं आणि जागा नव्हती. नवरा काही न बोलता पंचा धरून आडोसा करून उभा राहिला. आता सगळ्यांना वाटतं व्हिएतनाममधली आमची बेस्ट आठवण 'हा लाँग बे' या प्रसिद्ध खाडीची असेल.

पैशाची गंमत म्हणजे तिथली २० हजार डाँगची नोट निळी आणि ५ लाखाचीही निळसर. नवऱ्याने शहाळंवालीला वीस हजार समजून पाच लाख दिले आणि आम्ही चालू पडलो. ती बाई रस्ता ओलांडून धावत आली, नोट परत दिली, वर नवऱ्याला दंडावर एक चापट.

शाकाहारींसाठी: फिश सॉस सगळ्यात असतो हे धरूनच चला. व्हिएतनाममध्ये पाटीवर जो शब्द शोधायचा त्याचा उच्चार साधारण 'चाय', म्हणजे शाकाहारी. पहिले तीन दिवस आम्ही अशा दुकानांत शिरून चहा मागत होतो. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यांवर 'जे' लिहिलेलं असतं, तिथे कांदा-लसूणही नसतो, आमच्या सासूबाई खूश झाल्या असत्या.

हनोई ते सायगॉन पूर्ण रेल्वे १७२६ किमी, आम्ही तुकड्या-तुकड्यात केली. हुए ते दानांग दिवसाच करा आणि दक्षिणेकडे जाताना डावीकडची खिडकी धरा, हाय वानचा घाट आणि खाली समुद्र. आमच्या कर्जत-लोणावळ्याला समुद्र जोडला तर असं दिसेल. मग बसने कंबोडिया, नॉम पेन्हहून विमानाने क्वालालंपूर, पेनांग, घर.

आता तुम्ही लिहा.

नाना६७

मी व आमची सौ. परदेशी गेलेलो नाही, तरी हा धागा आमचाच आहे असे समजून लिहितो. शिक्षकी पेशातून निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली. मुलगा म्हणतो टूर कंपनीबरोबर जा, आरामात जा. आम्हाला ती शिट्टी वाजवून बसमध्ये चढवणारी माणसे सोसत नाहीत.

पहिल्यांदा एसटीच्या 'आवडेल तेथे प्रवास' योजनेचा सात दिवसांचा पास काढला होता. ही योजना १९८८ पासून आहे, चार दिवसांचाही पास मिळतो. पण आता गणित बदलले. मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धे तिकीट झाले आणि पासष्टीच्या पुढे मलाही अर्धे. म्हणजे दोघांत मिळून एक तिकीट. मग पास कशाला! त्यामुळे सात दिवसांचे बंधनही गेले आणि आम्ही मागल्या पौषात २६ दिवस फिरलो. सातारा, पंढरपूर, तुळजापूर, नांदेड, माहूर, यवतमाळ, नागपूर, तिथून उलटे शेगाव, मेहकरला गाडी बदलून लोणार. मुक्काम शक्यतो भक्तनिवासात. शेगावची स्वच्छता पाहून सौ. म्हणाली आपल्या घरी या लोकांना चार दिवस बोलवू या.

एक चूक सांगतो, बायकांनी ऐकावी. वाटेत जायला लागू नये म्हणून ही पाणीच पीत नव्हती आणि मला बोललीही नाही. यवतमाळला ताप भरला, जळजळ, डॉक्टर, चार दिवस लॉजवर मुक्काम. ४४ वर्षांच्या संसारात मला कधी कळले नव्हते की ही प्रत्येक प्रवासात असेच करते. आता दर दोन तासांनी जिथे गाडी थांबेल तिथे मी आधी उतरून जागा बघून येतो. मोठा प्रवास तोडून तोडून करतो, थेट गाडी घेतच नाही.

त्यानंतर धाडस वाढले. दिब्रुगड ते कन्याकुमारी विवेक एक्सप्रेसने आलो, चार हजार किलोमीटरच्या वर, तीन दिवसांहून अधिक एकाच डब्यात. आसामात चढलेला डबा केरळात येईपर्यंत अख्खा बदलतो, फक्त आम्ही दोघे आणि एक फौजी शेवटपर्यंत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे ती आहेच. त्याबद्दल लिहायला बसलो तर हा धागा तसाच राहील.

पोहेजिलबी

@सॅकवाली खर्च किती आला ते पण टाका ना. आणि घरच्यांना काय सांगितलं? आमच्याकडे आठ दिवस गोव्याला जायचं म्हटलं तरी 'कशाला' असं विचारतात.

सॅकवाली

आकडा नाही टाकत, त्यावरून कायम भांडणं होतात की 'एवढ्यात कसं' नाहीतर 'एवढे कशाला'. पद्धत सांगते. रोजचा एक आकडा ठरवलेला, तो वाचला तर वाचलेले पैसे दुसऱ्या दिवशी ज्याचा नंबर त्याच्या मर्जीने उडवायचे. त्याने बिअरवर उडवले, मी मसाजवर. दोघांची कार्डं वेगळ्या बँकांची आणि वेगळ्या सॅकमध्ये. माझं पासपोर्टवर माहेरचंच नाव आहे, त्यावरून लग्नात थोडं रामायण झालं होतं, पण सीमेवर कुणी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं ते विमानतळावर, चेक-इनच्या काउंटरवर: पुढचं तिकीट दाखवा, नाहीतर चढू देणार नाही. तिथे उभ्या-उभ्या फोनवरून एक स्वस्तातलं तिकीट काढलं. ते आधीच काढून ठेवा.

घरच्यांना? 'कंपनीने ब्रेक दिलाय' असं सांगितलं. अजून तेच समजतात.

डोंबिवली_फास्ट

आमचं असं गोड-गोड झालं नाही म्हणून लिहितेय, कारण अशा धाग्यांवर सगळ्यांचंच छान चाललेलं असतं.

नेपाळ, तीन महिन्यांचा प्लॅन. मुंबईहून गोरखपूर ट्रेन, तिथून सुनौली, चालत बॉर्डर, पुढे पोखराची बस. पहिला आठवडा मस्त, लुंबिनी वगैरे. घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे, त्या पंधरा मिनिटांवरून पण आम्ही भांडलो आहोत (बस सुटली होती, तो म्हणाला तुझ्या घड्याळामुळे, मी म्हटलं तुझ्या आंघोळीमुळे). तिसऱ्या आठवड्यात असं झालं की त्याच्या चहा पिण्याचा आवाज मला सहन होईना. आणि त्याला माझं दर हॉटेलात चार खोल्या बघून पाचवी घेणं. घरी आपण दिवसाचे दहा तास एकमेकांना दिसत नाही हो, हे लक्षातच येत नाही. इथे चोवीस तास एकच माणूस, तेच दोन टीशर्ट, भांडून जायचं कुठे तर त्याच खोलीच्या बाल्कनीत.

एका रात्री मीच म्हटलं, तू जा तुझ्या ट्रेकला, मी नाही येत. मला ४१३० मीटरवरच्या बेस कॅम्पला जायची हौस नव्हतीच, त्याच्यासाठी चालले होते. तो गाईड घेऊन अन्नपूर्णाला गेला आणि मी आठ दिवस पोखरात फेवा तळ्याकाठी एका खोलीत राहिले. एकटी. ३६ वर्षांची आहे, याआधी एकटी एक रात्र पण हॉटेलात राहिले नव्हते. पहिल्या दिवशी दाराला खुर्ची लावून झोपले. चौथ्या दिवशी खालच्या खानावळीतल्या दिदीबरोबर गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी) घातलेला दाल-भात करत होते आणि नवऱ्याचा फोन आला तर 'नंतर करते' म्हणाले.

तो परत आला तेव्हा दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, मी बस स्टँडवर घ्यायला गेले. लग्नाआधी दादर स्टेशनला भेटायचो तसं काहीतरी वाटलं. त्यानंतरचे दोन महिने नियमच केला, दर दहा दिवसांनी एक दिवस सुट्टी. वेगळं जेवायचं, वेगळं फिरायचं, रात्री भेटल्यावर काय केलं ते सांगायचंच असं नाही.

माझ्या बहिणीला हे सांगितलं तर तिने लगेच 'सगळं ठीक आहे ना तुमचं' असं विचारलं. आता काय सांगायचं हिला.

रस्सातांबडा

लई भारी लिवलंय वरच्या ताईंनी.

आमचं थोडक्यात. दिल्ली ते लेह हिमाचलची सरकारी बस, हजार किमीच्या वर, फक्त उन्हाळ्यात असती. लोक सलग जातात, आम्ही केलाँगला दोन रात्री मुक्काम केला कारण वाटेतली 'तांगलांग ला' ही खिंड पाच हजार तीनशे मीटरच्या वर आहे आणि एकदम वर चढलं की डोकं धरतंय. तरीबी धरलंच. मला, कोल्हापूरच्या तालमीतल्या गड्याला. बायको खिडकीत बसून भडंग खात होती आणि मी पिशवीत तोंड घालून. लेहला दोन दिवस झोपून काढलं. ती म्हणाली तुझा फोटो तालमीच्या ग्रुपवर टाकू का. तवापासनं घरात आवाज तिचाच.

स्टुटगार्टकर

आमचं बॅकपॅकिंग म्हणजे गरिबीचं होतं. नवऱ्याचा जॉब गेला आणि नवीन सुरू व्हायला अडीच महिने होते, भारतात जायची तिकिटं परवडत नव्हती. त्याच वेळी, मे २०२३ मध्ये जर्मनीत महिन्याला ४९ युरोचं तिकीट सुरू झालं (आता महाग झालंय). देशभर कुठेही, पण फक्त लोकल आणि रिजनल गाड्या, सुपरफास्ट आयसीई नाही. मग आम्ही उत्तरेला झिल्ट बेटापासून, जिथे रेल्वे समुद्रातल्या बांधावरून जाते, ते दक्षिणेला डोंगरातल्या ओबर्स्टडोर्फपर्यंत नुसत्या पॅसेंजर गाड्यांनी आलो. किती गाड्या बदलल्या ते मोजणं सोडून दिलं. डब्यात थेपले आणि लिंबाचं लोणचं, वास आला की शेजारची सीट आपोआप रिकामी, जागेचा प्रश्न मिटला :)

खिवा_व्हाया_खोपोली

कझाकस्तान-उझबेकिस्तान, सात आठवडे. दिल्ली-अल्माटी विमान जेमतेम साडेतीन तास, म्हणजे आमच्या खोपोलीहून दादरला जाऊन यायला लागतात तेवढे. आम्ही गेलो तेव्हा कझाकस्तानला भारतीयांना १४ दिवस व्हिसा लागत नव्हता, उझबेकिस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या झाला.

तिकडच्या ट्रेनमध्ये प्लाट्सकार्ट म्हणून क्लास असतो. ५४ बर्थ, मध्ये दार-बिर काही नाही, साइड लोअर साइड अपर सगळं आपल्या स्लीपरसारखंच, फक्त स्वच्छ चादर-उशी मिळते आणि डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा मोठा बंब. त्या बंबावर आमचा संसार चालला. घरून इन्स्टंट उपमा, मेतकूट आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा नेला होता. ताश्कंद ते खिवा रात्रभराच्या गाडीत समोरच्या आजीबाईंनी उपम्याचा वास घेतला, चव घेतली, मान हलवली (आवडला नसावा) आणि त्यांच्या पिशवीतून गोल नान, टोमॅटो, उकडलेली अंडी काढून आमच्यापुढे मांडली. बायको म्हणाली मी अंडं खात नाही, ट्रान्सलेट अ‍ॅपने काय सांगितलं देव जाणे, आजींनी तिच्या पोटाला हात लावून दुवा मागितली आणि अख्ख्या डब्याने टाळ्या वाजवल्या. पुढचे दहा तास बायकोला कुणी उठू दिलं नाही, चहा जागेवर. आम्ही पण काही बोललो नाही.

हिंदुस्तान म्हटलं की म्हातारी माणसं राज कपूर म्हणतात आणि पन्नाशीतली मिथुन. ताश्कंदला शास्त्रीजींचा पुतळा आहे, जानेवारी १९६६ मध्ये ते तिथेच वारले. पुतळ्यापुढे बाबांना व्हिडिओ कॉल लावला तर ते चपला काढून उभे राहिले, घरी, स्वतःच्या हॉलमध्ये.

एक काम आठवणीने करा, हॉटेलात रजिस्ट्रेशनची चिठ्ठी मिळाली तर ती जपून ठेवा. हे काम मी बायकोकडे दिलं होतं. ज्याच्याकडे जे काम त्याने त्याच्या पद्धतीने करायचं आणि दुसऱ्याने विचारायचं नाही, हा आमचा एकमेव नियम. मी तिसऱ्या दिवशी विचारलं. चुकलं.

नाना६७

@खिवा_व्हाया_खोपोली त्या प्लाट्सकार्टमध्ये खालचा बर्थ हवा असे तिकीट काढतानाच निवडता येते काय? सौ.ला वर चढता येत नाही. आमचे पासपोर्ट नाहीत, पण मी हा धागा काल रात्री तिला वाचून दाखवला आणि ती आज सकाळी मला न सांगता फोटो स्टुडिओत जाऊन आली. माझाही फोटो लागेल, म्हणून उद्या दाढी करून तयार राहा म्हणाली आहे.