इसबाची खाज: उंदराच्या कानावर किती भिस्त ठेवायची?

कवडसा
अटोपिक इसबावरचे (ॲलर्जीच्या प्रवृत्तीतून होणारा, खाजरा त्वचारोग) कितीतरी नवे औषधी रेणू आधी उंदराच्या कानावर पारखले जातात. एमसी९०३ म्हणजे कॅल्सिपोट्रिऑल आठवडाभर लावलं की कान लाल होतो, जाड होतो आणि उंदीर खाजवायला लागतो. माझ्या मते ही आठवड्याची सूज आहे, वर्षानुवर्षं पाठ न सोडणारा इसब नव्हे, आणि तिच्या जोरावर औषध निवडणं चूक आहे. याच औषधाचं ०.००५ टक्क्यांचं मलम माणसाच्या सोरायसिसवर सर्रास वापरतात. उंदरात मात्र ते त्वचेच्या पेशींना टीएसएलपी (सूज पेटवणारं संदेश-प्रथिन) बनवायला लावतं, आणि पुढचा सगळा खेळ त्यावर चालतो. टीएसएलपीच अडवणाऱ्या टेझेपेलुमॅब या औषधाच्या रुग्णांवरच्या चाचणीच्या २अ टप्प्यात (२०१९) १२ आठवड्यांनी इसब निम्म्याने उतरलेले रुग्ण होते ६४.७ टक्के, तर नुसत्या प्लासिबोवर (नकली औषधावर) ४८.२. हा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर टिकला नाही.

मृगशीर्ष
साफ असहमत. "नुसत्या प्लासिबोवर" हेच चुकीचं आहे. त्या चाचणीत दोन्ही गटांना स्टेरॉइडचं मलम चालू होतं, म्हणून प्लासिबोचा आकडाही एवढा वर गेला. त्यावरून उंदराला दोषी ठरवता येत नाही.
आणि आयएल-३१ या खाज चेतवणाऱ्या संदेश-प्रथिनाचं काय? २००४ मध्ये हे प्रथिन जास्त बनवणाऱ्या उंदरांचे केस झडले आणि ते सतत खाजवत राहिले. त्याच धाग्यावरून आयएल-३१ चा संदेश अडवणारं नेमोलिझुमॅब हे औषध आलं. जपानमध्ये २०२२ साली त्याला इसबाच्या खाजेसाठी मान्यता मिळाली, अमेरिकेत २०२४ च्या अखेरीस इसबासाठी. कोणती चेता पेटते आणि कोणत्या ग्राहीमुळे (पेशीवर संदेश पकडणारं प्रथिन) पेटते, हे जनुक काढून टाकून बघण्याची सोय उंदरातच आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेच्या थराला खाजवायला पाय नाहीत.

सूक्ष्ममापी
वाद मॉडेलवर, म्हणजे प्राण्यात मुद्दाम उभ्या केलेल्या आजारावर, चाललाय, पण अर्धी गडबड हाताळणीत होते. १ मिलिग्रॅम एमसी९०३ साधारण २४ मिली शुद्ध इथेनॉलमध्ये विरघळवलं की ०.१ मिलिमोलर द्रावण होतं. त्यातलं २० मायक्रोलिटर, कानाच्या दोन्ही बाजूंना १०-१० वाटून, म्हणजे २ नॅनोमोल. नळीचं झाकण उघडं राहिलं की इथेनॉल उडतं आणि शेवटच्या उंदराला पहिल्यापेक्षा जास्त मात्रा जाते. म्हणून छोट्या नळ्यांत भाग करून अंधारात, उणे २० अंशांवर ठेवावं. तुलनेच्या गटाला नुसतं इथेनॉल लावलंच पाहिजे, कारण तेही त्वचा कोरडी करतं. वजन रोज घ्यावं. मात्रा वाढली की उंदीर झपाट्याने वाळतात, आणि वाळलेला उंदीर कमी खाजवला तर ते औषधाचं यश समजलं जातं.
खाज मोजताना कानाची जाडी हा तिचा पर्याय धरू नये. नखांनी ओरबाडूनही कान जाड होतो. पिंजऱ्यात तासभर रुळू द्यावं, मग ३० मिनिटं चित्रण करावं. मागचा पाय उचलल्यापासून जमिनीवर टेकेपर्यंत किंवा उंदीर तो चाटेपर्यंत एक झटका धरावा. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. खाज आणणारं द्रव्य मानेवर टोचलं तर खाज आणि वेदना वेगळ्या ओळखू येत नाहीत. गालावर टोचलं तर खाजेला मागचा पाय येतो, वेदनेला पुढच्या पंजाने पुसणं. सी५७ब्लॅक/६ या उंदरांच्या जातीत आपोआप होणारे व्रणही दिसतात, ते आपल्या निकालात मिसळू देऊ नयेत.

पशुवैद्य_०७
मग कुत्र्याकडे बघा ना! त्याला अटोपिक इसब आपसूक होतो, तोही वर्षानुवर्षं: पंजे, काखा, कान, वर स्टॅफिलोकोकसचा संसर्ग. ऑक्लासिटिनिब (२०१३) आणि आयएल-३१ वरचं लोकिव्हेटमॅब ही औषधं त्याच्याच इलाजासाठी आली. आधी पिसवांवर इलाज, मग किमान ८ आठवडे आहारबदल करून अन्नाची ॲलर्जी वगळायची, आणि खाज ० ते १० च्या पट्टीवर. मालकाच्या संमतीने आजारी कुत्राच रुग्ण म्हणून घेता येतो, मुद्दाम आजारी पाडावा लागत नाही.

मृगशीर्ष
पट्टी भरतो कोण? मालक. नकली औषधावरही त्याला कुत्रा कमी खाजवताना दिसतो. शिवाय लॅब्राडोर वेगळा, वेस्टी वेगळा, घर वेगळं, हवा वेगळी. अंतिम पारख म्हणून कुत्रा मान्य, पण आधी कार्यकारण उलगडायला नाही.

कवडसा
स्टेरॉइडचा मुद्दा मान्य, तो मी सोडून दिला होता. तरी माझा हट्ट कायम. उंदराची बाह्यत्वचा जेमतेम दोन-तीन थरांची, घामाच्या ग्रंथी फक्त तळपायांना. अशा कातडीवर एकाच मॉडेलचा आलेख दाखवून रुग्णांवर चाचणी सुरू करू नये. दुसरं मॉडेल वेगळ्या वाटेचं हवं. एनसी/एनजीए जातीच्या उंदरावर ४ टक्के एसडीएस (साबणासारखं रसायन) लावून कातडीचा अडसर मोडायचा, मग धुळीतल्या माइटचं (सूक्ष्म किड्याचं) मलम. हे उंदीर जंतुमुक्त खोलीत ठेवले तर आपोआप इसब धरत नाहीत, म्हणून मलम लावावंच लागतं. टीएसएलपी काढून टाकल्यावरही जे औषध दोन्हीकडे खाज उतरवतं, त्याच्यावर मी विश्वास ठेवीन.

सूक्ष्ममापी
एनसी/एनजीएमध्ये जनुक काढायचं तर पाठीपाठ संकर (दर पिढीत मूळ जातीशी पुन्हा मिलन) करावे लागतील, दहाएक पिढ्या म्हणजे दोनेक वर्षं. त्यापेक्षा टीएसएलपी अडवणारं प्रतिद्रव्य (त्याला चिकटून निकामी करणारं प्रथिन) टोचा. फक्त तुलनेच्या गटाला त्याच प्रकारचं निष्क्रिय प्रतिद्रव्य द्यायला विसरू नका.