मदत हवी आहे: गोवराची १९६४ ची लस आज चालते का?

रेवाची_आई:
घाईत आहे. मुलीचं बाळंतपण, वीस दिवसांनी निघायचंय. तिची डॉक्टर म्हणते, घरात येणाऱ्या प्रत्येकाची गोवराची लस झालेली हवी. माझी झालीये, १९६४ चं कार्ड आहे. इथले डॉक्टर कार्ड बघून नुसते हसले. परत घ्यावी लागेल का? हो की नाही एवढंच सांगा.

टवाळ_कावळा:
६४ ला कुठली आलीये गोवराची लस? सरकारी लसीकरणात ती १९८५ ला आली. देवीचं कार्ड असेल, दंडावरचा वण बघा.

रेवाची_आई:
अहो, कार्ड अमेरिकेतलं आहे! जन्म तिथला, बाबा पीएचडी करत होते. ६६ ला परत आलो.

नानाकाका:
आमच्याकडे गोवर निघाला की अंथरुणात कडुलिंबाचा पाला. सगळे जगलो.

मायक्रो_मंदार:
नाना, जे जगले तेच इथे लिहितायत.
ताई, अमेरिकेत मार्च १९६३ मध्ये दोन लसींना परवाना मिळाला. एक जॉन एन्डर्स या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून आलेली, जिवंत विषाणूची. तिने ताप फार यायचा, म्हणून सोबत गॅमा ग्लोब्युलिनही (रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं) टोचायचे. दुसरी फॉर्मालिनने मारलेल्या विषाणूची. ती १९६७ ला बंद झाली, कारण घेतलेल्यांना पुढे खरा गोवर गाठला तर तो भलताच यायचा: पुरळ हातापायांपासून, वर न्यूमोनिया. तुमची कुठली? तारखा किती आहेत?

वॉल्थमची_अनघा:
एन्डर्सच्या लसीची पहिली चाचणी अमेरिकेतल्या आमच्या वॉल्थममधल्या फर्नाल्ड शाळेतल्या मतिमंद मुलांवर झाली, हेही लिहा की. त्याच शाळेत आधी ओटमीलमधून किरणोत्सारी द्रव्य दिलं होतं.

मायक्रो_मंदार:
लसीसाठी पालकांची संमती घेतली होती. आणि तिथे गोवराच्या साथीत मुलं दगावायची.

वॉल्थमची_अनघा:
मूल संस्थेत ठेवलेले आईबाप 'नाही' म्हणायला कितपत मोकळे असतात?

पासपोर्ट_पंडित:
जन्म तिथला म्हणजे नागरिकत्व असणार. व्हिसा काढू नका, आधी पासपोर्टचं बघा.

रेवाची_आई:
व्हिसाचं कोणी विचारलंय? कार्डावर नुसतं 'मीझल्स' लिहिलंय. पुढे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. निळी शाई, मार्चची पार पुसट. मला वाटलं तीन वेगळ्या लसी.

मायक्रो_मंदार:
हे आधी सांगायचं ना! महिन्या-महिन्याने तीन म्हणजे बहुधा मारलेलीच. ६३ ते ६७ मध्ये ती घेतलेल्यांनी, किंवा कुठली घेतली ते माहीत नसलेल्यांनी, पुन्हा जिवंत लस घ्यावी असं सीडीसी, म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था, सांगते. म्हणजे तुमचं उत्तर 'हो'. याच आठवड्यात घ्या, प्रतिकारशक्ती यायला दोनेक आठवडे लागतात.
गंमत म्हणजे १९५४ मध्ये बॉस्टनजवळच्या शाळेतल्या डेव्हिड एडमन्स्टन या मुलाकडून घेतलेल्या विषाणूचाच वंश आपल्या पुण्यातल्या सीरमच्या लसीत आहे, एडमन्स्टन-झाग्रेब.
स्टेरॉइड वगैरे काही चालू नाही ना?

रेवाची_आई:
नाही. फक्त सांध्यांसाठी प्रेडनिसोलोन.

मायक्रो_मंदार:
ताई, तेच स्टेरॉइड! किती मिलिग्रॅम, किती दिवस? त्याने प्रतिकारशक्ती दबते, म्हणून डोस मोठा असेल तर जिवंत लस थांबवावी लागते. त्या हसणाऱ्या डॉक्टरांना आधी ही गोळी दाखवा, मग कार्ड.