मदत हवी आहे: 'उमगणे' इंग्रजीत नेमके कसे लिहावे?

नमस्कार. संशोधन-शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत जोडायचे निवेदन मी इंग्रजीत लिहीत असून आठवडाभर एकाच वाक्यापाशी अडले आहे. 'आय हॅव डीप अंडरस्टँडिंग अबाउट सॉइल मायक्रोब्ज' असे मी लिहिले होते. मसुदा तपासणाऱ्या बाईंनी त्याखाली दोन रेघा मारल्या: 'अंडरस्टँडिंग' हे नाम मोजता येत नसले तरी 'डीप' लागल्यावर त्याआधी 'अ' हवा, आणि पुढे 'अबाउट' नव्हे, 'ऑफ' हवे. मराठीत 'विषयाबद्दलची समज' सहज म्हटले जाते, 'अबाउट' बहुधा तिथूनच शिरला. 'इनसाइट'पुढे 'इन्टू' आणि 'वेल व्हर्स्ड'पुढे 'इन' येते, हेही आता टिपून ठेवले आहे.

व्याकरण सुधारले, पण खरी अडचण अर्थाची आहे. कोरडी माती भिजवली की काही तासांतच तिच्यातून कार्बन डायऑक्साइड झपाट्याने बाहेर पडू लागतो, हे मी पुस्तकात वाचले होते, म्हणजे मला ते समजले होते; पण तीन वर्षे स्वतः मोजमापे घेतल्यावर, मातीचा प्रत्येक नमुना आपल्या वेगाने जागा होताना पाहिल्यावर ते उमगले. हा फरक इंग्रजीत उतरत नाही. 'मला उमगले' या रचनेच्या सर्वांत जवळ 'इट डॉन्ड ऑन मी' येते, कारण तिथेही कळलेली गोष्टच कर्ता असते; मात्र त्यात एकाएकी लख्ख प्रकाश पडल्याचा भाव आहे आणि माझे उमगणे सावकाश झाले. 'नो इनसाइड आउट' आपल्या 'कोळून पिणे'सारखे आहे, पण अर्जात ते फार सलगीचे वाटते. 'फॅदम' हा शब्द मला मनापासून आवडतो, कारण तो मुळात पाण्याची खोली मोजण्याचे सहा फुटांचे माप आहे. पण क्रियापद म्हणून तो बहुतेक वेळा नकारातच, म्हणजे 'आय कॅनॉट फॅदम' असाच येतो.

सध्या 'ओव्हर थ्री इयर्स ऑफ मेझरमेंट्स, आय केम टू अंडरस्टँड' अशी सुरुवात केली आहे. औपचारिक अर्जात ती पुरेशी ठरेल, की 'गेन्ड अ थरो अंडरस्टँडिंग ऑफ' अधिक योग्य? शिवाय स्वतःबद्दल 'डीप' म्हणणे इंग्रजी वाचकाला आत्मस्तुती वाटते का? ज्यांनी असे अर्ज लिहिले किंवा तपासले आहेत, त्यांनी शक्य असल्यास पूर्ण वाक्य लिहून दाखवावे, ही विनंती.