मदत हवी आहे : नॉर्वेचे फियॉर्ड, जहाज आणि बेताचा खर्च

नमस्कार मंडळी. पुढच्या जूनमध्ये आई-बाबांना नॉर्वेला न्यायचं आहे. बाबांनी उभी हयात माझगावला गोदीत जहाजं दुरुस्त करण्यात घालवली, पण प्रवासी म्हणून एकदाही चढले नाहीत. त्यामुळे फियॉर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या, जहाजातूनच बघायचे, एवढं पक्कं.

दोन पर्याय आहेत. जर्मनीतल्या कीलहून सुटणारी आठवड्याची मोठी क्रूझ, बिनखिडकीची केबिन घेऊन. जेवण भाड्यातच, हा मोठा दिलासा. दुसरी, १८९३ पासून चालत आलेली हुर्टिग्रुटनची किनारी बोट. बर्गन ते किर्कनेस ३४ बंदरं घेते. माल, गावकरी, पर्यटक सगळे एकत्र. माझं मन हिच्यावरच आहे. पूर्ण फेरी १२ दिवसांची आणि आवाक्याबाहेरची, म्हणून तीन रात्री बोटीवर राहून स्वोल्वरला, लोफोटेन बेटांवर उतरायचा विचार आहे. तिथे कोळ्यांच्या जुन्या लाल खोपट्यांत, म्हणजे रोर्बूत, स्वयंपाकघर मिळतं. आई पूर्ण शाकाहारी, तेव्हा कुकर सोबत नेणारच.

कुणी हा टप्पा केला आहे का? बोटीवर शाकाहारी जेवण पोटभर मिळतं का? उघड्या समुद्राच्या पट्ट्यात सत्तरीच्या माणसांना बोट कितपत लागते? आणि क्रूझ फेरो बेटांवर थांबणार असेल तर, ती बेटं शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नसल्यानं, व्हिसावर वेगळी नोंद कशी मागितलीत? अर्ज पुढच्या महिन्यात भरायचा आहे.