मदत हवी आहे: नवख्यांना राजगडाच्या बालेकिल्ल्यावर न्यायचं की नाही, कसं ठरवता?

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये आमचा गट पुण्याहून राजगडला एका दिवसाचा ट्रेक नेतोय. २० जण, त्यातले बहुतेक पहिल्यांदाच गड चढणार. अनुभवी आम्ही चौघं. चोर दरवाजाची वाट टाळून पाली दरवाजाने चढ-उतार ठरलाय, त्यामुळे पद्मावती माचीपर्यंत (बालेकिल्ल्याखालची सपाटी) चिंता नाही.

अडचण बालेकिल्ल्याची. तिथला कातळटप्पा रेलिंग धरून चढताना सगळे जोशात असतात. उतरताना खाली दरी दिसली की एखाद्याचे पाय लटपटतात. मागे गर्दी, वरून "चला चला"चा आवाज, आणि तो माणूस रेलिंगला चिकटून बसतो. असा अनुभव आलेली मंडळी पुन्हा ट्रेकला येत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

आदल्या दिवशी फोनवर "उंचीची भीती आहे का?" विचारून पाहिलं. सगळे नाही म्हणतात. "ज्यांना नको त्यांनी माचीवर थांबा" असं सांगितलं, तर भिडेखातर कोणी थांबत नाही. उतरताना तोंड कातळाकडे करायला सांगतो, त्याचा उपयोग होतो, पण घाबरलेल्याला ते ऐकूच जात नाही.

दोर न्यायचा नाही असंच ठरवलंय. तो नीट लावण्याचं प्रशिक्षण आमच्यापैकी कोणाकडे नाही. सुट्टीचा दिवस टाळणंही शक्य नाही.

नवख्यांना नियमित नेणाऱ्यांनी सांगा: पाली दरवाजाच्या पायऱ्या चढतानाच कोणाला उतरताना त्रास होईल हे कशावरून ओळखता? आणि त्याला कमीपणा न वाटता माचीवर कसं थांबवता?