नागपूरचे ५६ अंश आणि हवामान बदल: सांगणाऱ्यांचं ऐकायचं तरी किती?

शंकासुर

३० मे २०२४ ची दुपार. आम्ही नागपूरकर. पुण्याच्या मावशीचा फोन आला, "अरे, छप्पन? जिवंत आहात ना?" आई तेव्हा कूलरच्या टाकीत बादलीनं पाणी ओतत होती. म्हणाली, "छप्पन असतं तर हा कूलरच वितळला असता." तिला ४५ आणि ४६ मधला फरक अंगणातल्या फरशीवर पाय टेकवून कळतो. टीव्हीवर मात्र लाल अक्षरांत ५६ नाचत होतं. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ झालं होतं.

मग हवामान खात्यानं सांगितलं की नागपूरचा सेन्सर बिघडला होता आणि मुंगेशपूरचा ३ अंश जास्त दाखवत होता. विषय संपला. ज्या वाहिन्यांनी ५६ दिवसभर चालवलं, त्यांच्यातल्या एकीनंही ही दुरुस्ती तेवढ्याच मोठ्या अक्षरांत चालवलेली मी पाहिली नाही.

हे पहिल्यांदा होत नाही. संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलाचा आढावा घेणारी समिती म्हणजे आयपीसीसी. तिच्या २००७ च्या अहवालात लिहिलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील. २००९ मध्ये भूगर्भशास्त्र सर्वेक्षणातले निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांनी पर्यावरण मंत्रालयासाठी अहवाल केला आणि याला पुरावा नाही म्हणाले. आयपीसीसीचे अध्यक्ष पचौरी यांनी त्याला 'वूडू सायन्स', म्हणजे जादूटोण्याचं विज्ञान, म्हणून झटकून टाकलं. दोन-तीन महिन्यांत, जानेवारी २०१० मध्ये, आयपीसीसीलाच चूक कबूल करावी लागली.

सरकारचं विचाराल तर आपल्या पंतप्रधानांनी २०१४ च्या शिक्षकदिनी मुलांना सांगितलं की वातावरण बदललेलं नाही, आपली सहनशक्ती कमी झाली. २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत त्यांनीच २०७० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषून घेण्याचं, वचन दिलं. मधल्या सात वर्षांत आमची सहनशक्ती वाढली की काय?

मी ऊन पडत नाही म्हणत नाहीये. सांगणारे इतक्या वेळा घसरलेले असताना मी मान का डोलवावी, एवढाच प्रश्न आहे. आणि चूक नेहमी वरच्याच बाजूला कशी होते बुवा?

आयोडीन

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे प्रतिसादाला थोडा फळा-खडूचा वास येईल.

मुंगेशपूरचा आकडा चुकला हे कळलं कसं? दिल्लीतल्या दुसऱ्या केंद्रांशी तो जुळेना. त्याच दिवशी सफदरजंगला ४६.८ होतं. एकाच शहरात सहा अंशांचा फरक दिसला म्हणून खात्यानं माणसं पाठवली, शेजारी तपासलेलं उपकरण ठेवलं आणि फरक मोजला. म्हणजे तुम्ही ज्यांच्यावर संशय घेताय त्यांनीच चूक शोधली. वाहिन्यांनी नाही, तुम्ही नाही, मीही नाही. (तुमच्या आईंनी मात्र शोधली होती, हे मान्य.)

२०३५ चंही तेच. त्या अहवालात पुढचं वाक्य होतं की हिमनद्यांचं क्षेत्र ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येईल. हिमालयात एवढ्या हिमनद्या आहेतच कुठे? तिथलं सगळं क्षेत्र साधारण ३३ हजार चौरस किलोमीटर. ग्रॅहम कॉगली नावाच्या हिमनदी-अभ्यासकानं मूळ शोधलं. एका जुन्या रशियन लेखात ध्रुवांबाहेरच्या सगळ्या जगातल्या बर्फाबद्दल २३५० असं साल होतं, ते फिरत फिरत २०३५ झालं असावं. आकड्यांची अदलाबदल! दहावीच्या पेपरात मी अर्धा मार्क कापतो. पचौरींची भाषा उद्धट होती, त्याचं समर्थन करणार नाही. पण चूक पकडणारे बर्फ मोजणारेच होते.

"वरच्याच बाजूला" म्हणता, तर रिचर्ड म्युलर वाचा. बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ. तुमच्यासारखेच शंकेखोर. तापमानाच्या नोंदींत शहरांची उष्णता मिसळलीय, केंद्रं निवडून घेतलीत, असे सगळे आक्षेप त्यांनी घेतले. मग स्वतः टोळी जमवून जमिनीवरच्या नोंदी नव्यानं तपासल्या. पैसे देणाऱ्यांत तेलधंद्यातल्या कोक कुटुंबाचं प्रतिष्ठानसुद्धा होतं. २०१२ मध्ये त्यांनीच लिहिलं की अडीचशे वर्षांत जमिनीचं तापमान साधारण दीड अंश वाढलं आणि कारण जवळजवळ पूर्ण माणूस आहे. शंका घ्यायची तर अशी, शेवटपर्यंत.

शंकासुर

मास्तर, म्युलर चांगला माणूस दिसतो. पण प्रत्येक नागपूरकरानं बर्कलेत जाऊन मोजायचं का? माझ्यापर्यंत पोचतो तो टीव्ही. माझ्या दृष्टीनं "विज्ञान काय म्हणतं" म्हणजे टीव्हीवर ओरडणारी बाई काय म्हणते तेच. चूक कोणी पकडली हे आतल्या लोकांना ठाऊक. बाहेर फक्त ५६ पोचलं.

गोगलगाय

एसी १८ वर लावून हवामान बदलावर शंका घेणाऱ्यांचं आणि एसी १८ वर लावूनच हवामान बदलावर रडणाऱ्यांचं, दोघांचंही हार्दिक अभिनंदन.

बांधावरून

आम्ही लातूरकडचे. सोयाबीन, तूर. आमच्यासाठी हा वाद पुस्तकातला नाही, पैशाचा आहे.

मदतीचा हिशोब सांगतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी. ६४ झाला तर तो नुसता पाऊस. मोजणार कोण? मंडळात एक स्वयंचलित केंद्र असतं. आमच्या मंडळातलं केंद्र माझ्या शेतापासून आठ-नऊ किलोमीटरवर. गेल्या खरिपात एका रात्री असा कोसळला की बांध फुटून माझ्या वावरातली माती शेजाऱ्याच्या विहिरीत. सकाळी बैलाच्या दावणीपाशी ठेवलेली बारडी काठोकाठ. केंद्रावर नोंद ५१.

मी आणि चुलतभाऊ मोटारसायकलवर ते केंद्र बघायला गेलो. कुंपणाच्या तारेवर कोणाचं तरी धोतर वाळत होतं. पर्जन्यमापकाच्या बरोबर वर बाभळीची फांदी. मोकळ्या आभाळाखाली ठेवायचं यंत्र झाडाखाली! पाऊस पडायचा पानांवर, मग वाटलं तर यंत्रात.

तेव्हा शंकासुरभाऊ, "चूक नेहमी वरच्या बाजूला" हे आमच्याकडे येऊन बोला. आमच्याकडं चूक कायम खालच्या बाजूला होते, कारण वर गेली तर पैसे द्यावे लागतात. बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी २०१७ ला चुकीच्या अंदाजापायी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. लोक हसले. मला हसू आलं नाही.

पण एक सांगतो. मी त्या यंत्रावर विश्वास ठेवत नाही, तरी पाऊस बदललाय हे मला यंत्रानं सांगावं लागत नाही. आजोबा मृगात पेरायचे. मी जुलैत दुबार पेरतो.

कोकणकन्या

बांधावरूनच्या मुद्द्याला जोडून. १६ एप्रिल २०२३, खारघर. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, भर दुपार, लाखो माणसं. उष्माघातानं १४ माणसं गेली. जवळच्या केंद्रावरचं तापमान ३८ च्या आसपास. विदर्भातला माणूस ३८ ऐकून स्वेटर घालेल! पण खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळतच नाही. अंग थंड व्हायचा तोच एक रस्ता, तो बंद. ३८ ला माणूस मरतो.

त्या दिवशी आकडा फुगवलेला नव्हता. खरा होता, तरी धोका सांगायला अपुरा होता. ५६ चा खोटा आकडा सगळ्यांनी पाहिला, ३८ चा खरा कोणाच्या नजरेत भरला नाही. माध्यमांवर रागवायचं तर मी यावर रागवेन.

तिसरी_घंटा

सगळे मूळ मुद्दा सोडून पर्जन्यमापकात अडकलेत. हा गोऱ्यांचा खेळ आहे. अमेरिकेतला माणूस वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, आपला २ टन. शंभर-दीडशे वर्षं कोळसा जाळून श्रीमंत झाले, आता आपल्याला चुलीवरून उठवतात. २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत गरीब देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. त्यांच्याच हिशोबानं तो आकडा गाठायला २०२२ उजाडलं, आणि त्यातही मोठा भाग कर्ज! यांच्या तोंडून विज्ञान ऐकायचं?

शंकासुर

हेच! माझ्या मनातलं बोललात.

आयोडीन

आकडे बरोबर आहेत, राग रास्त आहे. पण भावाभावांत वाटणीचं भांडण आहे म्हणून वावरच नाही असं कोणी म्हणतं का? अमेरिकेनं जास्त जाळलं हा आरोप तुम्ही करता, तेव्हा जाळल्यानं काहीतरी होतं हे तुम्ही आधीच मान्य केलेलं असतं. नाहीतर १४ टन काय आणि २ टन काय.

आणि "त्यांच्या तोंडून" म्हणाल तर गोऱ्यांच्या तोंडून शंकाही आलीय बरं का. एक्सॉन कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून तापमानवाढीचे अंदाज केले होते. २०२३ मध्ये ते तपासले तर बहुतेक बरोबर निघाले. बाहेर मात्र कंपनी कित्येक वर्षं "अजून खात्री नाही" असंच सांगत राहिली. सरकारी शिक्क्यावर शंका घेताना शंकेवरचा शिक्काही पाहावा.

मिरजकर

उशिरा आलो, सगळं वाचलं. माझं म्हणणं दोन्ही बाजूंना आवडणार नाही.

आमच्या घरात जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलच्या तीन रेघा आहेत. २००५, २०१९, २०२१. मधली सगळ्यात वर, वडिलांच्या छातीएवढी. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. आठवडाभर नातेवाइकांकडे राहिलो. परत आलो तेव्हा फ्रिज उताणा पडलेला आणि आईच्या शालूंचा एकच चिखलाचा गोळा झालेला.

पाणी ओसरल्यावर साहेब लोक आले. पहिल्या दिवशी कारण होतं अलमट्टी, कृष्णेवरचं खालचं धरण. कर्नाटक पाणी सोडत नाही. मग पुराची कारणं शोधायला सरकारची वडनेरे समिती बसली, तिनं अलमट्टीवर खापर फोडायला नकार दिला. त्यानंतर कारण झालं हवामान बदल. तेव्हापासून प्रत्येक सभेत, प्रत्येक सादरीकरणात तोच शब्द. "ढगफुटीसदृश", "अभूतपूर्व", "जागतिक".

खोटं आहे का? नाही. पाऊस खरंच भयंकर होता, थोड्या दिवसांत ओतला. पण आमच्या घराच्या मागं पुराचं पाणी वाहून न्यायचा जो ओत, म्हणजे ओहोळ, होता, जिथं लहानपणी आम्ही खेकडे धरायचो, तो मुरूम टाकून कोणी भरला? निळी पूररेषा म्हणजे जिथं बांधकाम करायचंच नाही, लाल रेषेच्या आत अटी घालून करायचं. मग त्या रेषांच्या आत चार मजले उभे राहिले ते काय जागतिक तापमानवाढीनं उभे केले? परवानगीच्या कागदावर कार्बन डायऑक्साइडची सही नव्हती. ज्यांची होती त्यांची नावं घेत नाही, अजून इथंच राहायचंय.

मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला ७४. आभाळानं केलं ते केलंच. पण मिठी नदीचं गटार आभाळानं केलेलं नव्हतं.

म्हणून शंकासुर, तुझी शंका दहा वर्षं जुनी आहे भावा. सरकार हवामान बदल फुगवतंय का, हे तू विचारतोस. सरकारला आता तो मान्य करायला आवडतो. त्याच्यावर गुन्हा दाखल होत नाही, त्याची चौकशी समिती नसते, तो निवडणुकीला उभा राहत नाही. आणि मास्तर, तुम्ही वर्गात तापमानवाढ शिकवता ते बरोबरच आहे. पण तुमचाच तक्ता दाखवून आमच्याकडे साहेब हात वर करतो, हेही एकदा शिकवा.

आयोडीन

यावर लगेच उत्तर नाही माझ्याकडे. एवढंच म्हणेन की पाऊस वाढणार हे ठाऊक असताना ओत भरायला परवानगी दिली असेल तर गुन्हा दुप्पट होतो. तक्त्याचा तसाही उपयोग करता येईल.

मिरजकर

करा की. पण तक्ता त्यांच्या हातात आहे, आमच्या हातात पेन्सिल.

तिसरी_घंटा

म्हणजे शेवटी सरकारवर विश्वास ठेवू नका हेच ना? मी वेगळं काय म्हणत होतो!

कोकणकन्या

तुम्ही म्हणत होतात की म्हणून काही होतच नाहीये. मिरजकर म्हणतायत की होतंय आणि साहेब लोक त्याच्या आड लपतायत. एवढा फरक दिसत नसेल तर चष्मा बदला.

शंकासुर

मिरजकरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. "नेहमी वरच्याच बाजूला" हे माझं वाक्य मागे घेतो, बांधावरूनच्या बारडीनं ते बुडवलं. बाकी टीव्हीवरचा राग कायम. २०२४ हे देशातलं १९०१ पासूनचं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं, असं खात्यानं नंतर सांगितलं, सरासरीपेक्षा ०.६५ अंश जास्त. पाऊण अंशसुद्धा नाही. ते वाचून आई म्हणाली, "एवढंच?" आता तिला हे ०.६५ अंश समजावायचे कसे, मास्तर? ५६ च्या बातमीनंतर ती काही ऐकायला तयार नाही.

आयोडीन

ताप ९८.६ वरून ९९.७ झाला तर आई शाळेत पाठवते का विचारा. उदाहरण घासून गुळगुळीत झालंय, पण आयांवर चालतं.

शंकासुर

माझी पाठवायची.

बांधावरून, त्या बाभळीच्या फांदीचं पुढं काय झालं?

बांधावरून

अर्ज दिला. दोन महिने वाट बघितली. मग एका रविवारी आम्हीच कोयता घेऊन गेलो आणि तोडली.

आता विनापरवाना वृक्षतोडीची नोटीस आलीय. तिच्यात फांदीची लांबी सेंटिमीटरपर्यंत बरोब्बर मोजलेली आहे.