हुमल्यांचा (लाल मुंग्यांचा) मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढलेला फोटो, काय चुकलंय ते स्पष्ट सांगा

काजूबिया: वाळपईला काकांच्या काजूत हुमले पान शिवत होते, त्यांचा काढलाय. १:१ (सेन्सरवर मुंगी खऱ्या आकाराएवढी), एफ २२ (लेन्सचं छिद्र अगदी बारीक), फ्लॅश. ग्रुपवर टाकला तर सगळे नुसतं 'मस्त रे' आणि एकजण 'अजून शिक', आता यातून मी घेऊ काय? राग येणार नाही, बोला. (चावे अजून खाजतायत.)

पावसाळी_किडा: जबड्यात पानाची कड धरलेला क्षण पकडलास, तो भारीच. पण फोकस पोटावर गेलाय, डोळा मऊ आहे, आणि बघणारा आधी डोळाच शोधतो बघ. त्यात १:१ ला एफ २२ म्हणजे जवळजवळ एफ ४४ सारखं काम, एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो (डिफ्रॅक्शन), त्याने सगळंच धुरकट. एफ ११ ला ये, फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) जेमतेम सव्वा मिलिमीटर खोली स्पष्ट मिळेल, तो डोळ्यावर खर्च कर.

मांडवीकाठ: डोक्यावरचा पांढरा ठिपका फ्लॅशचा. बटर पेपर लाव पुढे. डावीकडची मोकळी जागा मात्र कापू नको हां.

काजूबिया: पोटावर फोकस मला दिसलाच नव्हता! पण एफ ११ ला मागचे दोघे हुमले धूसर जातील ना?

पावसाळी_किडा: जाऊ देत की. नाहीतर कॅमेरा पानाच्या कडेला समांतर धर, तिघेही येतील.